पस्तीस वर्षं, चार महिने, अकरा दिवस

खंडपीठाच्या व्हरांड्यात परमेश्वर लहाने कठड्याला टेकून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं कलमं घोकतोय. जवळ गेले तर मारुतीरायाचा धावा चाललेला.

"आता कशाला?" मी म्हणाले. "लेखी झाली, तोंडी झाली, पाकिटाला लाख लागली. आता मारुतीराय आत शिरून मार्क वाढवणार आहेत का?"

त्यानं डोळे उघडले नि केविलवाणं हसला. "ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

मी नाही म्हणाले. धडधडीत खोटं. सकाळपासून तीनदा बाथरूमला जाऊन आले होते आणि हातातल्या पिशवीचा बंद पिळून पिळून त्याची सुतळी केली होती. पण माझा स्वभावच तसा. आतून पाणी पाणी झालं की बाहेरून तोंड जास्त चालतं.

लहाने नि मी, दोघांची मिळून एक याचिका होती. तो एका तालुक्याचा वकील, मी दुसऱ्या तालुक्याची. याचिकेआधी आम्ही एकमेकांना पाहिलंही नव्हतं. दोघांचं दुखणं मात्र एकच. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश, म्हणजे न्यायाधीशाच्या शिडीची अगदी खालची पायरी, तिची परीक्षा आम्हाला द्यायची होती. वकिलांसाठी तिथं वयाची मर्यादा पस्तीस. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी माझं वय होतं पस्तीस वर्षं, चार महिने, अकरा दिवस. लहानेचं पस्तीस वर्षं दहा महिने. आमचा आळस नव्हता. सलग तीन वर्षं जाहिरातच निघाली नव्हती. आज निघेल, उद्या निघेल, दिवाळीनंतर नक्की, असं करत तीन दिवाळ्या गेल्या. जाहिरात नाही म्हणून वय थोडंच थांबतं? बाकीच्या सरकारी भरतीला त्या वर्षी वयाची सूट मिळाली होती, पण न्यायाधीशांच्या भरतीचे नियम वेगळे. त्यात सूट द्यायची सोयच नाही.

म्हणून आम्ही याचिका केली. न्यायालयानं तात्पुरता आदेश दिला, की या दोघांना परीक्षा देऊ द्या. पूर्व, मुख्य, तोंडी, तिन्ही. मात्र शेवटचा निकाल बंद पाकिटात राहील, दोन जागा रिकाम्या ठेवा आणि याचिकेचं काय ते ठरल्यावर बघू. आम्ही तिन्ही परीक्षा दिल्या. आज याचिका ठरायची होती.

आमची वकील होती नाझनीन काझी. लॉ कॉलेजच्या होस्टेलात माझी रूम पार्टनर. मी लग्न करून तालुक्याला गेले, ती खंडपीठात राहिली नि नाव काढलं. काळा कोट, गाउन, हातात आमची फाईल, अशी ती तरातरा आली आणि मला एका बाजूला घेऊन म्हणाली, "जया, एक लक्षात ठेव. आत तू वकील नाहीस, पक्षकार आहेस. मागच्या बाकावर बसायचं. तोंड उघडायचं नाही. मान हलवायची नाही."

बारा वर्षं मी हेच माझ्या पक्षकारांना सांगत आले होते. बांधावरून भांडणारे म्हातारे, पोटगीसाठी आलेल्या बाया, सगळ्यांना दटावून मागं बसवलेलं. ते कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

आमचा नंबर तेविसावा होता. दुपारपर्यंत येणार नव्हता. मी बाकावर बसून राहिले आणि डोक्यात सकाळचंच फिरत राहिलं. सकाळी रामप्रसादांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, मोटरसायकलवर एसटी स्टँडला आणून सोडलं होतं. खिडकीपाशी उभं राहून तीन वेळा विचारलं, पाणी घेतलंस का, आधार कार्ड घेतलंस का, फोन चार्ज आहे का. बस हलली तरी बाजूनं चालत होते.

हा माणूस असा नव्हता. चार वर्षांपूर्वी, याआधीची जाहिरात निघाली तेव्हा, मी अर्ज भरला होता, हॉलतिकीटही आलं होतं. मला तेव्हा बत्तीस पूर्ण झाली होती. पूर्वपरीक्षा रविवारी, आणि त्याच रविवारी माझ्या नणंदेचं, रेखाचं लग्न. मी म्हटलं, सकाळी जाते, दुपारी अक्षतांना हजर होते. रामप्रसाद म्हणाले, थोरली सून मांडवात नाही म्हटल्यावर पाहुणे काय म्हणतील. आणि मग हसून म्हणाले, "पुढच्या वर्षी दे की. परीक्षा काय पळून चाललीय?"

दिवसभर कोर्टात जगाशी भांडणारी मी, घरात गप्प बसले. खरं सांगते, मलाही वाटलं, पुढच्या वर्षी देऊ. अकरा वाजता तिकडं पेपर सुरू झाला तेव्हा मी मांडवात बायकांना कुंकू लावून खण वाटत होते.

पुढच्या वर्षी जाहिरात आलीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तेव्हा एकदा, फक्त एकदाच, मी भाकरी थापता थापता म्हणाले होते, "पळून गेली की हो परीक्षा." त्या दिवशी रामप्रसाद जेवले नाहीत. नंतर मी तो विषय काढला नाही, त्यांनीही नाही. पण माणूस बदलला. पहाटे चारला उठून माझ्यासाठी चहा टाकायला लागले. बी-बियाण्याचं दुकान सांभाळून पोरीची वेणी घालायला शिकले. वाकडी का होईना, पण घालायचे. आठ वर्षांची केतकी त्या वाकड्या वेण्या घालून शाळेत जायची. वय उलटलं तेव्हा मी हाय खाल्ली होती. नाझनीनचा नंबर शोधून तिला फोन करणारे, याचिका करायचीच म्हणणारे हेच. सासूबाई म्हणायच्या, याला काय झालंय, बायकोच्या परीक्षेचं एवढं कुणी मनाला लावून घेतं का? त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तोंडी परीक्षा महिन्यापूर्वी झाली होती. टेबलापलीकडं तिघं जण. पंचवीसेक मिनिटं सगळं छान चाललं. पुरावा विचारला, वाटणीचा दावा विचारला, जामीन विचारला. मी फडाफडा बोलत होते. मग मधल्या साहेबांनी माझा अर्ज खाली ठेवला.

"तुम्ही इथं न्यायालयाच्या आदेशानं बसला आहात. वय उलटलंय."

"हो, सर."

"उद्या तुमच्यासमोर एखादा दावा मुदतीनंतर चार महिन्यांनी आला, तर काय कराल?"

मी म्हणाले, उशिराचं कारण पुरेसं असेल आणि उशीर माफ करायचा अधिकार कायद्यानं दिला असेल, तर माफ करीन. अधिकारच दिला नसेल तर कितीही वाईट वाटलं तरी मला तो दावा ऐकता येणार नाही.

"आणि तुमच्या स्वतःच्या बाबतीत तसा अधिकार दिलाय?"

खोटं बोलता आलं असतं. गोल गोल उत्तर देता आलं असतं. पण त्या खुर्चीवर बसायचं स्वप्न बघत होते नि पहिल्याच दिवशी शब्दांचे खेळ करायचे? मी म्हणाले, "नियमात तसं लिहिलेलं नाही, सर."

त्यांनी मान हलवली नि काहीतरी लिहिलं. नाझनीनला हे सांगितल्यावर तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, बाई, मी तिकडं विहीर खणतेय नि तू इकडून माती लोटतेयस.

अडीच वाजता पुकारा झाला.

दोन न्यायमूर्ती होते. वरिष्ठ होते ते जाडसर, केस पांढरे. धाकटे सडपातळ, चष्म्यातले. दुसऱ्या बाजूनं उभे होते ते वकील वयस्कर, फार मृदू बोलणारे. निबंधक कार्यालयाचा एक माणूस खाकी रंगाची दोन लांबट पाकिटं घेऊन उभा होता. लाल लाखेचे ठिपके मला मागच्या बाकावरून दिसत होते. शेजारी लहाने बसला होता. त्याचा गुडघा थरथर हलत होता नि त्यामुळं सगळा बाक हलत होता.

नाझनीन सुरुवात करणार, तेवढ्यात वरिष्ठ न्यायमूर्ती म्हणाले, "आधी पाकिटं बघू. निवडच झाली नसेल तर कायद्याचा काथ्याकूट कशाला?"

वावगं काहीच नव्हतं. मी तिथं बसले असते तर मीही हेच म्हटलं असतं.

पहिलं पाकीट लहानेचं निघालं. शिपायानं कातरीनं लाख कापली. साहेबांनी आतला एक कागद काढला, वाचला, शेजारच्यांना दाखवला नि ठेवून दिला. "दुसऱ्या याचिकाकर्त्याचं नाव निवड यादीत बसत नाही. त्यांच्यापुरता प्रश्न उरत नाही. याचिका त्यांच्यापुरती निकाली." अर्ध्या मिनिटात संपलं.

बाक हलायचा थांबला. लहाने उठला, आम्ही वकील लोक करतो तशी त्यानं पीठाकडं मान लववली आणि बाहेर गेला. त्याच्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही.

मग माझं पाकीट. साहेबांनी कागद वाचला. शेजारच्यांकडं दिला. धाकट्या साहेबांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. दोघं एकमेकांकडं झुकून हळू बोलायला लागले. धाकटे साहेब काहीतरी सांगत होते, वरिष्ठ नुसते ऐकत होते. किती वेळ गेला देव जाणे. मग वरिष्ठांनी तो कागद घडी करून स्वतःच्या हातानं पाकिटात घातला, पाकीट समोर ठेवलं, त्यावर हात ठेवला नि म्हणाले, "हं. करा युक्तिवाद, मॅडम काझी."

मला कळलं.

अहो, कळणार नाही कसं? नापास असते तर लहानेसारखंच अर्ध्या मिनिटात सांगून मोकळे झाले असते. युक्तिवाद करा म्हणाले, म्हणजे प्रश्न उरला होता. प्रश्न उरला होता म्हणजे माझं नाव यादीत होतं. नाझनीनलाही कळलं. तिनं वळून पाहिलं नाही, पण तिचा आवाज बदलला. आधीपेक्षा सावकाश नि खालच्या पट्टीत बोलायला लागली. कडेवरची भरली घागर सांडू नये म्हणून बाई जपून चालते, तसं.

त्या पाऊण तासाएवढा आनंद मला आयुष्यात झाला नाही. केतकी झाली तेव्हाही नाही, हे कबूल करते. तालुक्याच्या कोर्टात बारा वर्षं उभी होते, सीनियर वकिलांच्या मागं फायली धरून, "बाई, तुम्ही तारीख घ्या फक्त" हे ऐकत. आणि मी पास झाले होते. साऱ्या राज्यातून आलेल्या पोरांमधून, पहाटे चारच्या चहावर, वाकड्या वेणीच्या पोरीला शाळेत घालवून पास झाले होते. मी पदर तोंडाशी धरला, कारण मला हसू आवरत नव्हतं.

नाझनीननं जीव ओतून मांडलं. दर वर्षी भरती करायची असं नियमच सांगतात, ती केली नाही ही चूक उमेदवारांची नव्हे, मग शिक्षा त्यांना का? समोरच्या वृद्ध वकिलांनी फार काही ताणलं नाही. दोनच गोष्टी सांगितल्या. नियमात पस्तीस लिहिलंय आणि सूट द्यायचा अधिकार कुणालाच दिलेला नाही. आणि दुसरी, जी माझ्या काळजात गेली: "वय उलटलं म्हणून अर्जच न भरता घरी बसलेले असे शेकडो असतील. ते आज इथं नाहीत. यांना सूट दिली तर त्यांना काय सांगायचं?"

यावर नाझनीन बोलली काहीतरी, पण ते उत्तर नव्हतं.

मध्येच धाकट्या साहेबांनी विचारलं, याचिकाकर्त्या आल्या आहेत का? मी उभी राहिले. कुठं प्रॅक्टिस करता, किती वर्षं झाली, असं त्यांनी मराठीत विचारलं. मी सांगितलं. माझ्याकडं जरा वेळ बघून ते म्हणाले, "चांगलं काम करताय. बसा."

मी बसले नि तो आशीर्वादच समजले. एवढी बारा वर्षांची वकील, पण पक्षकार झाले की अक्कल गहाण पडते. ज्युनियरला पहिल्या महिन्यात आम्ही शिकवतो, की साहेब तुझं कौतुक करायला लागले की फाईल बांधायला घे. ज्याला द्यायचं असतं त्याच्याशी कोणी गोड बोलत बसत नाही.

वरिष्ठ साहेब आदेश सांगायला लागले. लघुलेखकाचे हात चालू लागले. तथ्यं सांगून झाली, नियम सांगून झाले आणि मग ते म्हणाले, "याचिकाकर्तीबद्दल आम्हाला पूर्ण सहानुभूती आहे."

ते वाक्य कानावर पडलं नि मला निकाल कळला. या वाक्यानंतर काय येतं ते कोर्टातल्या शिपायालाही ठाऊक असतं. पुढचं सगळं मी ऐकलं, एकही शब्द सुटला नाही. भरती वेळेवर झाली नाही हे चूकच, पण त्या चुकीनं नियमातला आकडा बदलत नाही. नियम बदलणं आमचं काम नव्हे. याचिका फेटाळण्यात येते. पाकीट पुन्हा मोहोरबंद करून परत करावं.

आणि राग कुणावर काढू? आदेशातली ओळ न् ओळ बरोबर होती. मी त्या खुर्चीवर असते तर हेच लिहिलं असतं. महिन्यापूर्वी तोंडीत मी हेच तर म्हणाले होते.

नाझनीन बसली नाही. म्हणाली, एकच विनंती आहे, निदान निकाल तरी त्यांना सांगावा.

वरिष्ठ साहेबांनी पाकिटाकडं बघितलं. मग हळू म्हणाले, "मॅडम, ऐकून त्यांना काय मिळणार?"

नाझनीननं फाईल मिटली. माझ्याकडं उत्तर होतं. मला ते ऐकायला मिळालं असतं, साहेब. एकदा, माणसांच्या देखत, मोठ्यानं. पण पक्षकारानं बोलायचं नसतं. चोविसावा पुकारा झाला.

बाहेर आल्यावर नाझनीनच रडली. मी तिला पाणी दिलं. दिल्लीला जाऊ या का, असं ती म्हणाली. मी विचारलं, जिंकू? तिनं नाक पुसलं नि म्हणाली, नाही. मैत्रीण असावी तर अशी.

खाली चहाच्या टपरीवर लहाने थांबला होता, माझ्यासाठी. विचारलं, ताई, तुमचं झालं ना? फेटाळली म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. मग म्हणाला, पण पाकिटात काय होतं? मी म्हणाले, सांगितलं नाही.

"माझं सांगितलं," तो म्हणाला. "वाईट वाटलं, पण सुटलो एकदाचा."

त्यानं मला चहा पाजला. तो आता घरी जाऊन जेवणार होता नि झोपणार होता. त्या नापास माणसाचा मला हेवा वाटला.

परतीच्या बसमध्ये चार तास मी एकच वाक्य घोकत होते. 'मी पास झाले होते.' घरी गेल्या गेल्या रामप्रसादांना सांगायचं. बाकी कुणाला नको, पण घरात एका माणसाला तरी कळायला हवं. आणि लपवत नाही, नुसतं कळायला नको होतं. बोचायला हवं होतं. रेखाच्या लग्नात खण वाटत बसले, त्याचं काय झालं ते त्यांना एकदा दिसायला हवं होतं. माझं एवढं गेलं, त्यांचं थोडं तरी जाऊ दे, असं मनात होतं. चार वर्षं पोटात ठेवलेलं सगळं त्या प्रवासात वर आलं होतं.

स्टँडवर रामप्रसाद उभे होते. दुपारीच दुकान बंद केलं होतं म्हणे. नाझनीनला फोन करून याचिका गेल्याचं त्यांना कळलं होतं. बाकीचं जयालाच विचारा, असं ती म्हणाली होती. मोटरसायकलच्या हँडलला पेढ्यांची पिशवी अडकवलेली होती. सकाळीच आणून ठेवले असणार आणि मग टाकायचे कुठं म्हणून तसेच राहिले असणार.

त्यांनी गाडी चालू केली नाही. किल्ली हातात घेऊन नुसते उभे राहिले.

"पाकीट उघडलं होतं म्हणे."

"हो."

"मग?"

वाक्य तयारच होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते माझ्याकडं न बघता, खाली त्या किल्लीकडं बघत बोलायला लागले.

"खरं काय ते सांग, जयमाला. पास असशील तरी सांग. मी सकाळपासून इथंच... म्हणजे दुकानात बसलो होतो, पण एकाही गिऱ्हाइकाला नीट माल दिला नाही. तू पास असलीस तर तुझं वाटोळं मी केलं असं होईल. रेखाच्या लग्नासाठी. एका जेवणावळीसाठी. मग मी काय करायचं, मला कळत नाही."

त्यांचा आवाज फाटला. एवढा मोठा माणूस, स्टँडवर, चार ओळखीच्या लोकांसमोर. माझी सगळी तयारी होती हो. पण समोर असा माणूस उभा असला की काय करता येतं?

"पास कुठली," मी म्हणाले. "तोंडीत उडाले. लहानेचंही नाव नव्हतं नि माझंही नव्हतं. वयाचा प्रश्न आलाच नाही."

"खरं?"

"नाहीतर काय. उगंच भांडलो आपण वयासाठी."

त्यांनी श्वास सोडला. रुमालानं तोंड पुसलं, मान पुसली. मला वाटलं होतं, माझ्यासाठी दोन शब्द तरी वाईट वाटल्याचे बोलतील. बोललेही, नंतर. पण आधी त्यांचा चेहरा मोकळा झाला. मी बघितला ना माझ्या डोळ्यांनी. डोक्यावरचं खताचं पोतं उतरवल्यावर हमालाचा होतो तसा.

"मग जाऊ दे," ते म्हणाले. "तोंडीचं आपल्या हातात थोडंच असतं."

गाडीवर सगळा रस्ता ते बोलत होते. कितीतरी दिवसांनी एवढे बोलत होते. मी मागं बसून हं, हं म्हणत होते. घरी गेल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगितलं, वयामुळं नाही गेलं आई, तोंडीत कमी पडली. सासूबाई म्हणाल्या, नशिबात नव्हतं. रामप्रसाद पोटभर जेवले. पेढे केतकीनं खाल्ले.

याला आता बारा वर्षं झाली. मी अजून त्याच कोर्टात उभी राहते. माझ्यापेक्षा लहान न्यायाधीश येतात, तीन वर्षांनी बदलून जातात, मी त्यांना मान लववते. माहिती अधिकारात अर्ज टाकून मार्क मागवावेत असं दोनदा मनात आलं. टाकला नाही. उत्तर घरच्या पत्त्यावर येतं. नाझनीनशी फोनवर बोलणं होतं, पण ती तो विषय काढत नाही.

रामप्रसाद मात्र काढतात. त्यात त्यांना आता काही लपवायचं नाही. दुकानात कोणी वकील आला की सांगतात, आमच्या हिला कायदा तोंडपाठ, पण मोठ्या लोकांसमोर त-त-प-प झालं, नाहीतर आज मॅजिस्ट्रेट असती. प्रेमानं सांगतात. माझ्यासमोर सांगतात. मी चहाचे कप गोळा करते.

केतकी आता लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला हीच परीक्षा द्यायचीय. परवा जेवताना रामप्रसाद तिला म्हणाले, लेखीची काळजी नको करू, लेखीत तुझी आई पण पास झाली होती. तोंडीला घाबरली नि तिथं गेलं सगळं. तू घाबरायचं नाहीस.

केतकी उठली, हात धुतले, वही नि पेन घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, नेमकं कुठं चुकलीस गं? सगळं सांग मला. म्हणजे मी तिथं चुकणार नाही."

रामप्रसादही जेवायचे थांबून ऐकायला लागले.

मी सांगितलं. आवाज बारीक झाला होता माझा. साहेबांच्या डोळ्यात बघायच्या ऐवजी टेबलाकडं बघून बोलले. एक सोपं कलम आठवलं नाही. आणि वयाबद्दल विचारलं तेव्हा गोंधळले.

तिनं एक, दोन, तीन असे आकडे घालून सगळं लिहून घेतलं.